डिजिटल विपणन संस्थांतील उच्चस्तरीय व्यवस्थापनाच्या उणिवा आणि त्यांचे कर्मचाऱ्यांच्या कामावर होणारे परिणाम : एक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वर्तमानपत्रातील जागा, आकाशवाणी व दूरदर्शनवरील वेळ आणि रस्त्यावरील फलक यांची खरेदी-विक्री असे जाहिरात व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप होते. ऑक्टोबर २००० मध्ये 'गूगल ॲडवर्ड्स' ही सेवा सुरू झाली. शोधयंत्रात टाइप केलेल्या शब्दानुसार जाहिरात दाखवण्याची आणि पुढे प्रत्येक क्लिकमागे पैसे आकारण्याची पद्धत तिच्यामुळे सर्वत्र रूढ झाली. २०१८ मध्ये या सेवेचे नामांतर 'गूगल ॲड्स' असे करण्यात आले. २००४ मध्ये फेसबुक आणि २००५ मध्ये यूट्यूब यांचा उदय झाला. भारतात २०१६ नंतर मोबाइल इंटरनेटचे दर झपाट्याने उतरल्यामुळे लहान गावांतील दुकानदारापासून मोठ्या शिक्षणसंस्थेपर्यंत सर्वांना या माध्यमाकडे वळावे लागले. या गरजेतून डिजिटल विपणन अथवा बोलीभाषेत 'डिजिटल मार्केटिंग' करून देणाऱ्या संस्थांचा एक नवा वर्ग उभा राहिला. मुंबई-पुण्याबरोबरच नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांसारख्या शहरांतही अशा संस्था आज कार्यरत आहेत.

वाणिज्य, व्यवस्थापन, जनसंज्ञापन, इतकेच नव्हे तर भाषा विषयांचे पदवीधरही पहिल्या नोकरीसाठी मोठ्या प्रमाणावर या क्षेत्राकडे वळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाचा समावेश झाल्यामुळे विद्यार्थी शिक्षण घेत असतानाच या संस्थांत पाऊल ठेवतात. त्यामुळे या संस्थांचा कारभार कसा चालतो आणि त्यांचे उच्चस्तरीय व्यवस्थापन सदोष असेल तर तेथे काम करणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्याही विचाराचा विषय ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१. डिजिटल विपणन संस्थेच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. सदोष उच्चस्तरीय व्यवस्थापनाची या व्यवसायातील विशिष्ट रूपे सांगणे.
३. कर्मचारी, ग्राहक संस्था व समाज यांवर होणाऱ्या परिणामांचे विवेचन करणे.
४. महाविद्यालयांच्या दृष्टीने काही उपाय सुचवणे.

प्रस्तुत लेखात पैसे देऊन सेवा घेणाऱ्या पक्षास 'ग्राहक संस्था' आणि जाहिरात पाहणाऱ्या व्यक्तीस 'उपभोक्ता' असे संबोधले आहे.

व्यवसायाचे स्वरूप

अशा संस्थेचे उत्पन्न साधारणतः दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग ठरावीक मासिक शुल्काचा असून व्यवसायात त्यास 'रिटेनर' म्हणतात. दुसरा मार्ग जाहिरातीवर खर्च होणाऱ्या रकमेच्या टक्केवारीचा होय. पारंपरिक जाहिरात व्यवसायात १५ टक्के दलालीची प्रथा दीर्घकाळ रूढ होती; तिचाच हा नवा अवतार म्हणता येईल. दोन्ही मार्गांत संस्था प्रत्यक्षात विकते ती कर्मचाऱ्यांची वेळ आणि त्यांचे कौशल्य. कारखान्यात यंत्र असते, दुकानात माल असतो. येथे दोन्ही नसतात. पीटर ड्रकर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'ज्ञानकर्मी' ही संकल्पना मांडली, तिचे हे क्षेत्र उत्तम उदाहरण आहे.

कामाची विभागणी सामान्यतः अशी असते : ग्राहक संस्थेशी बोलणी करणारा विभाग, मजकूर व चित्रे तयार करणारा विभाग, सशुल्क जाहिराती चालवणारा विभाग, शोधयंत्रातील विनाशुल्क स्थान सुधारणारा विभाग आणि आकडेवारीचे विश्लेषण करणारा विभाग. या सर्वांवर संस्थापक, संचालक अथवा मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. लहान संस्थांत संस्थापक हाच विक्रेता, वित्तप्रमुख आणि मनुष्यबळ अधिकारी असतो. स्वतः उत्तम जाहिराती चालवणारी व्यक्ती तीस माणसांची संस्था उत्तम चालवीलच असे नाही. कौशल्याच्या बळावर वर चढलेली व्यक्ती ते कौशल्य निरुपयोगी ठरणाऱ्या पदापर्यंत जाऊन पोहोचते, हे लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे वारंवार आठवते.

या व्यवसायाचे आणखी एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. गवंड्याने बांधलेली भिंत वाकडी असेल तर ती कोणालाही दिसते. डिजिटल विपणनाचे फलित मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते अहवालातील आकड्यांतूनच कळते. अहवालात कोणता आकडा घ्यावयाचा आणि कोणता गाळावयाचा हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती कामाचे मूल्यमापन जाते. म्हणूनच सदोष व्यवस्थापनाचा पहिला आघात या क्षेत्रात प्रामाणिक अहवालावर होतो. पुढील विवेचनाचा हा मुख्य मुद्दा आहे.

सदोष व्यवस्थापन कशास म्हणावे?

प्रत्येक ताणाचे खापर व्यवस्थापनावर फोडणे योग्य नव्हे. या व्यवसायातील पुष्कळशी अनिश्चितता बाहेरून येते. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' आणि एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' हे बदल लागू केले, तेव्हा निकृष्ट मजकूर व विकत घेतलेले दुवे यांवर उभी असलेली अनेक संकेतस्थळे शोधनिकालांत खाली गेली. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवरील ॲप्सना उपभोक्त्याचा माग काढण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे बंधनकारक केले आणि जाहिरातींचे मोजमाप अवघड झाले. १ जुलै २०२३ पासून गूगलच्या जुन्या विश्लेषण प्रणालीने नवी नोंद घेणे थांबवले व सर्वांना नवी प्रणाली शिकावी लागली. सणासुदीच्या किंवा प्रवेशाच्या हंगामात काम वाढते, हेही स्वाभाविक आहे.

बाहेरून आलेल्या अशा अनिश्चिततेचे नियोजन न करता ती जशीच्या तशी खालच्या स्तरावर ढकलणे, निर्णयाचा अधिकार स्वतःकडे ठेवून जबाबदारी मात्र कनिष्ठांवर टाकणे आणि वस्तुस्थिती सांगणाऱ्यास गप्प करणे, या तीन गोष्टी आढळल्यास व्यवस्थापन सदोष आहे असे म्हणता येते. हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये सांगितलेल्या चौदा तत्त्वांपैकी अधिकार व जबाबदारी यांचा समतोल आणि आदेशातील एकवाक्यता ही तत्त्वे प्रत्येक वाणिज्य पदवीधराने अभ्यासलेली असतात. त्यांचा भंग कसा होतो हे त्याला बहुधा पहिल्या नोकरीतच प्रथम दिसते.

उणिवांची प्रमुख रूपे

अ) अशक्यप्राय आश्वासने

नवी ग्राहक संस्था मिळवताना उच्चस्तरीय व्यवस्थापन 'तीन महिन्यांत शोधयंत्राच्या पहिल्या पानावर पहिला क्रमांक' अशी हमी देते. शोधनिकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. हमी देणारा संचालक करारावर सही करून पुढील ग्राहक संस्थेकडे वळतो आणि ती पुरी करण्याचे ओझे ज्याला विचारलेही नव्हते अशा कर्मचाऱ्यावर येते. तीन महिन्यांनंतर त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात : अपयश मान्य करून बोलणी खाणे, अथवा कोणीही शोधत नाही असा एखादा लांबलचक शब्दसमूह निवडून त्यात पहिला क्रमांक मिळाल्याचे दाखवणे. दुसऱ्या वाटेने करारातील शब्द पाळले जातात. ग्राहक संस्थेच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

आ) आदेशातील एकवाक्यतेचा अभाव

सकाळी विभागप्रमुख एक सांगतो, दुपारी संचालक व्हॉट्सॲपवर दुसरे सांगतो आणि सायंकाळी ग्राहक संस्थेचा मालक तिसरे सांगतो. प्रत्येक आदेश 'तातडीचा' असतो. या गोंधळाची किंमत केवळ मनस्तापाची नसून तांत्रिकही असते. मेटाच्या जाहिरात प्रणालीस नवी मोहीम कोणाला दाखवावी हे शिकण्यास काही काळ लागतो. शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात सुमारे ५० अपेक्षित फलिते मिळाल्यावर ही शिकण्याची अवस्था संपते, असे तिच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. दर दोन दिवसांनी खर्चमर्यादा, चित्र किंवा प्रेक्षकवर्ग बदलल्यास शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बी पेरून दररोज माती उकरून पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही स्थिती होय. मोहीम फसल्यावर मात्र 'तुम्हांला जाहिरात चालवता येत नाही' असा ठपका कर्मचाऱ्यावर येतो.

इ) आकड्यांची सोयीस्कर निवड

आकडा खोटा नसतानाही अहवाल खोटा असू शकतो. समजा, एका महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी दोन मोहिमा चालवल्या. पहिलीत १,००,००० रुपये खर्चून १,००० चौकशा आल्या; प्रत्येक चौकशीचा खर्च १०० रुपये. त्यांतून १० प्रवेश झाले. दुसरीत ९०,००० रुपये खर्चून ३०० चौकशा आल्या. प्रत्येक चौकशीचा खर्च ३०० रुपये. त्यांतून १८ प्रवेश झाले. चौकशीच्या खर्चाने मोजल्यास पहिली मोहीम तिपटीने स्वस्त दिसते. प्रवेशाच्या खर्चाने मोजल्यास पहिलीत १०,००० रुपये आणि दुसरीत ५,००० रुपये पडतात, म्हणजे दुसरी निम्म्या खर्चाची ठरते. व्यवस्थापनाने 'चौकशीचा खर्च कमी करा' एवढेच उद्दिष्ट दिले, तर कर्मचारी इमानेइतबारे पहिली मोहीम वाढवील आणि महाविद्यालयाचे नुकसान करील. मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील मांडणीवरून रूढ झालेला सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो.

या बाबतीत मोठ्या कंपन्याही अपवाद नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले की, सुमारे दोन वर्षे चित्रफीत पाहण्याचा सरासरी कालावधी त्यांच्या अहवालांत वाढीव दिसत होता. सरासरी काढताना तीन सेकंदांहून कमी वेळ पाहणाऱ्यांना भाजकातून वगळले गेल्यामुळे हे घडले होते. उदाहरणादाखल, १०० जणांनी मिळून ५०० सेकंद चित्रफीत पाहिली असेल तर खरी सरासरी ५ सेकंद येते. त्यांतील ६० जणांना भाजकातून वगळल्यास तीच सरासरी १२.५ सेकंद होते. भाजक कोणता घ्यावा हा प्रश्न वरवर गणिती असला तरी मुळात तो प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

श्रेयाच्या बाबतीतही हेच घडते. 'ईबे' या कंपनीच्या जाहिरातींवर टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीच्या स्वतःच्याच नावावर दिल्या जाणाऱ्या सशुल्क जाहिराती बंद केल्या असता जवळजवळ सर्व उपभोक्ते शेजारच्या विनाशुल्क दुव्यावरून संकेतस्थळावर आले, असे त्यांना आढळले. नाव घेऊन शोधणारा माणूस येणारच होता. जाहिरातीने केवळ त्याचे श्रेय घेतले. खर्चाच्या टक्केवारीवर चालणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनास असा प्रयोग करून पाहण्याची इच्छा सहसा होत नाही, आणि तो सुचवणारा कनिष्ठ कर्मचारी अप्रिय ठरतो.

ई) मनुष्यबळाचे चुकीचे गणित

महिन्यात कामाचे २२ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरल्यास एका कर्मचाऱ्याकडे १७६ तास असतात. एका ग्राहक संस्थेच्या कामास महिन्याला ४० तास लागतात असे मानल्यास चार संस्थांचे काम तो १६० तासांत नीट करू शकतो. सहकारी सोडून गेले, नवी नेमणूक झाली नाही आणि त्याच्याकडे सात संस्था आल्या, तर गरज २८० तासांची होते. याचा अर्थ, एकतर दररोज पावणेतेरा तास काम करावयाचे, अथवा प्रत्येक संस्थेस ४० ऐवजी २५ तास द्यावयाचे. प्रत्यक्षात दोन्ही घडते. बैठका व अहवाल दिसतात म्हणून ते टिकतात; बारकाईची तपासणी दिसत नाही म्हणून ती प्रथम सुटते. उदा. परिचर्या महाविद्यालयाच्या प्रवेशाची जाहिरात 'परिचारिका भरती' असे शोधणाऱ्या नोकरीच्छुकांना दिसत राहते, कारण वगळावयाच्या शब्दांची यादी पाहण्यास कोणाला वेळच उरलेला नसतो. त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे महाविद्यालय भरते.

अडचणीच्या वेळी घाईने नवी माणसे भरल्यानेही प्रश्न सुटत नाही. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो, असे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरच्या संदर्भात दाखवून दिले होते. नव्यांना शिकवण्याचे काम शेवटी त्याच थकलेल्या जुन्या कर्मचाऱ्याकडे येते.

उ) भीतीचे वातावरण

यश आले की सादरीकरणास संचालक जातात; अपयश आले की समूहसंदेशात सर्वांसमोर कर्मचाऱ्याचे नाव घेतले जाते. गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रवर्तक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांत संस्थेतून भीती हद्दपार करणे हा एक स्वतंत्र मुद्दा होता. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांच्या अभ्यासात असे दिसले की, चांगले नेतृत्व असलेल्या पथकांत चुकांची नोंद अधिक होत होती. तेथे चुका सांगण्याची मुभा असल्यामुळे त्या उघड होत होत्या, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. १९९९ मध्ये त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना विस्ताराने मांडली. जाहिरातीची दैनंदिन मर्यादा ५,००० ऐवजी चुकून ५०,००० रुपये भरली गेली, तर निर्भय वातावरणात कर्मचारी दहा मिनिटांत ते सांगतो आणि नुकसान थांबते. भीतीच्या वातावरणात तो ते महिनाअखेरपर्यंत लपवतो.

परिणाम

१) कर्मचाऱ्यावरील परिणाम : रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाची मागणी जास्त आणि निर्णयस्वातंत्र्य कमी असा संयोग सर्वाधिक ताण निर्माण करतो. वर वर्णिलेल्या संस्थेतील कर्मचारी नेमका याच स्थितीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकालीन कार्यस्थळ-ताणातून येणाऱ्या ग्लानीचा समावेश व्यावसायिक घटना म्हणून केला आहे. तिला रोग मानलेले नाही. हा भेद अर्थपूर्ण आहे, कारण त्यामुळे लक्ष व्यक्तीच्या कमकुवतपणाकडून कामाच्या रचनेकडे वळते. कार्यालयात टेबल टेनिस ठेवणे किंवा शुक्रवारी मेजवानी देणे हा यावरील उपाय ठरत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये केलेल्या विभागणीच्या भाषेत बोलावयाचे तर अशा सोयी फार तर असमाधान कमी करतात. कामातील समाधान काम नीट करू दिल्याने आणि त्याची दखल घेतल्यानेच येते.

ताणापेक्षाही खोल जाणारा परिणाम कौशल्यावर होतो. पहिल्या दोन वर्षांत तरुण कर्मचारी जे पाहतो तेच त्याला व्यवसायाचा नियम वाटते. अनुयायी विकत घेणे, बनावट अभिप्राय लिहिणे, घसरलेला आलेख लपवण्यासाठी तुलनेचा कालावधी बदलणे ही 'कामाची पद्धत' म्हणून तो आत्मसात करतो. पुढे चांगल्या संस्थेत गेल्यावर त्याला बरेच काही विसरावे लागते, आणि विसरणे हे शिकण्याहून कठीण असते.

२) ग्राहक संस्थेवरील परिणाम : कर्मचारी वारंवार बदलल्यामुळे ग्राहक संस्थेला आपली माहिती दर काही महिन्यांनी नव्या व्यक्तीस पुन्हा सांगावी लागते. जाहिरातीचे खाते सेवा देणाऱ्या संस्थेच्या नावे उघडलेले असेल, तर करार संपल्यावर अनेक वर्षांची आकडेवारीही हातची जाते. लहान उद्योजकाच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या भांडवलाचा असतो.

३) समाजावरील परिणाम : दिशाभूल करणाऱ्या जाहिराती प्रतिबंधक मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केली; ती जाहिरात संस्थांनाही लागू आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उपभोक्त्यास फसवणाऱ्या १३ मांडणी-क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले. विद्यार्थ्यांच्या दूरध्वनी क्रमांकांच्या याद्या विकत घेण्याचा आदेश वरून येतो, पण त्या याद्या प्रणालीत भरणारा हात सर्वांत कनिष्ठाचा असतो. कायद्याची माहिती नसलेल्या कर्मचाऱ्याला आपण काय करीत आहोत याचीही कल्पना नसते.

कर्मचाऱ्यासमोरील पर्याय

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले की, घसरणीला लागलेल्या संस्थेतील व्यक्तीसमोर बाहेर पडणे आणि आवाज उठवणे हे दोन मार्ग असतात, आणि त्यांपैकी कोणता निवडला जाईल यावर निष्ठेचा प्रभाव पडतो. डिजिटल विपणनात बाहेर पडणे तुलनेने सोपे आहे, कारण कौशल्य सर्वत्र सारखेच लागते. परिणामी ज्यांना बाजारात मागणी आहे असे सक्षम कर्मचारी आधी जातात आणि सुधारणेसाठी बोलू शकणारा आवाजच संस्थेतून नाहीसा होतो. मागे राहतात ते घरच्या जबाबदारीमुळे धोका पत्करू न शकणारे, अथवा गप्प राहणे शिकलेले. व्यवस्थापनाला मात्र आपल्या संस्थेत तक्रार नाही असे वाटू लागते.

आवाज उठवण्याचे काही सौम्य व परिणामकारक प्रकारही आहेत. तोंडी आदेश मिळाल्यावर 'आपल्या सूचनेनुसार पुढीलप्रमाणे बदल करीत आहे' असा ई-मेल पाठवणे, खात्यातील प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणे, नवीन काम आल्यावर 'हे केल्यास कोणते काम मागे ठेवावे?' असे लेखी विचारणे, आणि अहवालात सोयीच्या आकड्याशेजारी गैरसोयीचा आकडाही मांडणे, हे ते प्रकार होत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ मध्ये कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि अतिरिक्त कामाचा दुप्पट दराने मोबदला यांविषयी तरतुदी आहेत. परंतु कामाच्या तासांची नोंदच ठेवली गेली नाही तर त्या कागदावरच राहतात.

उपाय आणि महाविद्यालयांची भूमिका

व्यवस्थापनाच्या स्तरावर पुढील सुधारणा खर्चिक नाहीत : हमी देण्यापूर्वी काम करणाऱ्या व्यक्तीचे मत घेणे, प्रत्येक ग्राहक संस्थेसाठी आदेश देणारी एकच व्यक्ती निश्चित करणे, फलित कोणत्या आकड्याने मोजावयाचे ते कराराच्या वेळीच लिहून ठेवणे, प्रतिकर्मचारी ग्राहक संस्थांची मर्यादा ठरवणे, आणि जाहिरात खाते ग्राहक संस्थेच्याच नावे उघडणे.

महाविद्यालयांचा या संस्थांशी दुहेरी संबंध येतो. ती आपले विद्यार्थी तेथे पाठवतात आणि प्रवेशप्रक्रियेच्या काळात स्वतः ग्राहक संस्थाही असतात. कार्यप्रशिक्षणासाठी संस्था निवडताना काही प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. विद्यार्थ्याचा मार्गदर्शक कोण असेल? तो किती ग्राहक संस्था सांभाळतो? गेल्या वर्षात किती कर्मचारी सोडून गेले? विद्यार्थ्याकडून अभिप्राय लिहिणे अथवा अनुयायी वाढवणे अशी कामे करून घेतली जातात काय? प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्याने केवळ उपस्थितीचे प्रमाणपत्र न देता एका मोहिमेची आकडेवारी दोन वेगवेगळ्या भाजकांनी मांडून दाखवावी, अशी अपेक्षा ठेवता येईल.

स्वतः ग्राहक संस्था म्हणून महाविद्यालयाने सर्वांत कमी दराची निविदा आणि सर्वांत मोठी हमी यांच्या मोहात पडू नये. अशक्य हमी मागणारा ग्राहक आणि ती देणारा संचालक यांच्यामध्ये जो भरडला जातो, तो पुष्कळदा त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असतो.

समारोप

डिजिटल विपणनाचे साधन नवे असले तरी त्यातील व्यवस्थापनाचे दोष जुनेच आहेत. फेयॉल, डेमिंग, हर्शमन यांनी सांगितलेली तत्त्वे संगणकाच्या पडद्यासमोरही तितकीच लागू पडतात. या व्यवसायाचा विशेष इतकाच की, येथे दोष दाखवणारे साधन आणि दोष झाकणारे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे आकडा. सक्षम व्यवस्थापन आकड्याला प्रश्न विचारू देते. सदोष व्यवस्थापन त्याचा पडदा करते. पडद्यामागे उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याला हा भेद ओळखता यावा, एवढी तयारी त्याच्याकडून करून घेणे हे त्याला साधने वापरण्यास शिकवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. साधने दर काही वर्षांनी बदलतात. पहिल्या नोकरीत जडलेली सचोटीची किंवा लपवाछपवीची सवय मात्र दीर्घकाळ सोबत राहते.